आत्याबाईला मिशा असत्या तर...

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं." ही म्हण इंग्रजीत सांगायची झाली तर कशी सांगाल? ऑफिसात जेवणाच्या टेबलावर हा प्रश्न टाकून बघा, डबा संपेपर्यंत विषय पुरतो. कोणी म्हणेल, 'इफ आंटी वुड हॅव मुस्टॅश, वी वुड हॅव कॉल्ड हर अंकल.' कोणी म्हणेल, 'इफ आंटी विल हॅव मुस्टॅश, वी विल कॉल हर अंकल.' (ह्या दुसऱ्या वाक्यातल्या आत्याबाईंना लवकरच मिशा फुटणार असं दिसतंय, बिचाऱ्या!)

सरळ उत्तर आहे, 'इफ आंटी हॅड अ मुस्टॅश, वी वुड कॉल हर अंकल.' हे सांगितलं की लगेच कोणीतरी विचारतं, "हॅड? हॅड म्हणजे तर भूतकाळ. आत्याबाईंना पूर्वी मिशा होत्या का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. इंग्रजीतल्या जर-तरच्या वाक्यांत आपली जी तारांबळ उडते तिचं मूळ ह्याच प्रश्नात आहे. आणि माझं म्हणणं असं की ह्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला मराठीतून आधीच माहीत आहे. फक्त ते कोणी आपल्याला तसं सांगितलेलं नाही.

आपल्याला सांगितलं जातं ते कोष्टक. झिरो कंडिशनल, फर्स्ट कंडिशनल, सेकंड, थर्ड. इफ नंतर सिंपल प्रेझेंट तर पुढे विल. इफ नंतर सिंपल पास्ट तर पुढे वुड. इफ नंतर पास्ट परफेक्ट तर पुढे वुड हॅव. कोणी रेन अँड मार्टिनमधून शिकलं असेल, कोणी तर्खडकर घोकलं असेल, कोणी स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पैसे भरले असतील. शेवटी हाती येतं ते पाढ्यांसारखं पाठ केलेलं काहीतरी. कोष्टक चूक नाही. पण 'सेकंड' ह्या शब्दावरून काय कळतं? काहीच नाही. परीक्षेत रिकाम्या जागा भरायला ते पुरतं, कारण तिथे अर्धं वाक्य छापून दिलेलं असतं. कामाच्या मेलमध्ये दोन्ही अर्धी आपल्यालाच लिहायची असतात, आणि कोणता नंबर लावायचा हे कोष्टक सांगत नाही.

तर कोष्टक जरा बाजूला ठेवू आणि मराठीकडे बघू.

घरात हाक येते, "अरे, जेवायला ये." आपण कीबोर्डवरचं बोट न हलवता ओरडतो, "आलो, आलो!" आलो म्हणजे भूतकाळ ना? पण आपण तर खुर्चीतून उठलेलोही नसतो. दुकानदार विचारतो, "काय हवं होतं?" हवं होतं म्हणजे काय, आता नकोय? आणि शेजारच्या काकांचं दार वाजवून आपण म्हणतो, "काका, जरा काम होतं तुमच्याकडे." काम तर आत्ता आहे, म्हणूनच दार वाजवलं. पण "काम आहे" म्हटलं तर ते थेट अंगावर जातं. "होतं" म्हटलं की आपण एक पाऊल मागे उभे राहतो आणि काकांना नाही म्हणायला जागा राहते.

म्हणजे क्रियापदाचं भूतकाळी रूप दरवेळी भूतकाळच सांगतं असं नाही, हे कुठल्याही मराठी माणसाला उपजत माहीत आहे. ते रूप अंतर सांगतं. कधी काळाचं अंतर, कधी समोरच्या माणसापासूनचं अदबीचं अंतर, आणि कधी वास्तवापासूनचं अंतर. इंग्रजीतही तेच आहे. 'कॅन यू' पेक्षा 'कुड यू' नम्र का? कारण ते एक पाऊल मागे आहे. 'आय वॉज वंडरिंग' म्हणणारा गोरा माणूस काल विचारात पडला होता असं थोडंच आहे? तो आत्ताच विचारतोय, आणि त्याचं ते "जरा काम होतं"च आहे.

आत्याबाईंच्या मिशांचा 'हॅड' ह्याच जातीचा. तो पूर्वीच्या मिशा सांगत नाही. बोलणारा वास्तवापासून एक पाऊल मागे सरकून बोलतोय, एवढंच तो सांगतो.

आता ही पावलं मोजली की अख्खं कोष्टक मावतं. आपल्या धंद्यातलंच उदाहरण घेतो.

'इफ द सर्व्हर गोज डाउन, वी विल स्विच टु द बॅकअप.' शून्य पावलं मागे. सर्व्हर पडू शकतो, आणि पडला तर काय करायचं ते ठरलेलं आहे. ही योजना आहे.

'इफ द सर्व्हर वेंट डाउन, वी वुड लूज द डेटा.' एक पाऊल मागे. मी फक्त कल्पना करतोय. सर्व्हर सध्या ठणठणीत आहे आणि तो पडेल असं मला वाटत नाही, पण विचार करून ठेवू. ही चर्चा आहे.

'इफ द सर्व्हर हॅड गॉन डाउन, वी वुड हॅव लॉस्ट द डेटा.' दोन पावलं मागे. एक वास्तवापासून आणि एक काळात. सर्व्हर पडला नाही, डेटा गेला नाही, आणि आता त्यात कोणी काही बदलू शकत नाही. हे सुटकेचा नि:श्वास टाकून म्हणायचं वाक्य आहे.

(झिरो कंडिशनल राहिलं म्हणाल तर त्यात काहीच अवघड नाही. 'इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.' नियम आहे, नेहमीच खरा, म्हणून दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ. आपल्या प्रोग्रॅममधलं इफ-एल्स ते हेच. कॉम्प्युटरला बाकीचे प्रकार कळत नाहीत. "झालं असतं तर" असं त्याच्या मनात कधी येत नाही, सुखी प्राणी.)

मग एवढं जर आपल्याला आतून माहीत आहे तर आपण अडखळतो कुठे? माझ्या मते तीन जागा ठरलेल्या आहेत, आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

पहिली जागा सगळ्यात मोठी. ही दोन वाक्यं बघा:

आज माझ्याकडे गाडी असती तर तुला सोडलं असतं.
काल माझ्याकडे गाडी असती तर तुला सोडलं असतं.

आज आणि काल हे शब्द सोडले तर दोन्ही वाक्यं तंतोतंत सारखी. मराठीला इथे एकच रूप पुरतं. आपल्या शाळेच्या व्याकरणात त्याला संकेतार्थ म्हणतात. इंग्रजी मात्र इथे दोन पायऱ्या करतं. आजची गाडी: 'इफ आय हॅड अ कार, आय वुड ड्रॉप यू.' कालची गाडी: 'इफ आय हॅड हॅड अ कार, आय वुड हॅव ड्रॉप्ड यू.' शिवाय मराठीत वाक्याच्या दोन्ही भागांत तेच 'असतं' येतं. "मला माहीत असतं तर मी सांगितलं असतं." मग आपला मेंदू सरळ हिशोब करतो की असतं म्हणजे वुड हॅव, दोनदा असतं म्हणजे दोनदा वुड हॅव, आणि तयार होतं, 'इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव टोल्ड यू.' हे अडाण्याचं इंग्रजी नाही. हे चोख मराठी आहे, फक्त इंग्रजी कपड्यांत. (अमेरिकन मंडळीसुद्धा बोलताना हे सर्रास म्हणतात. पण लिहिताना त्यांच्याकडेही ते खपत नाही.) उपाय सोपा: वुड हे परिणामाच्या भागात राहतं. इफ च्या भागात वुड आलं की थांबून पुन्हा बघायचं.

दुसरी जागा म्हणजे 'इफ इट विल रेन टुमॉरो'. ह्याचा दोष मात्र मराठीला देता येत नाही. मराठीत आपण "उद्या पाऊस पडला तर मॅच रद्द होईल" असंच म्हणतो. पाऊस उद्याचा, तरी रूप 'पडला'. "पाऊस पडेल तर" असं कोणी म्हणत नाही. म्हणजे मराठी आपल्याला बरोबरच सांगत असते की शर्तीच्या भागात भविष्यकाळाचं रूप नको. चूक येते ती शाळेत पक्क्या बसलेल्या "भविष्य म्हणजे विल" ह्या नियमामुळे. 'व्हेन ही विल कम, आय विल टेल यू' हाही त्याच घरचा. "तो आला की सांगतो" ह्यात भविष्यकाळ आहे का? मग इंग्रजीतही नको. (एक अपवाद सांगून ठेवतो, नाहीतर कोणीतरी पकडेलच. 'इफ यू विल वेट अ मिनिट' हे बरोबर आहे, कारण तिथे विल म्हणजे भविष्यकाळ नाही, समोरच्याची तयारी आहे. "जरा थांबणार असाल तर" असा त्याचा भाव.)

तिसरी जागा आहे अनटिल आणि अनलेस. "जोपर्यंत तू फाइल पाठवत नाहीस तोपर्यंत मी काम सुरू करू शकत नाही." मराठीत नकार दोन्हीकडे हवाच. म्हणून आपण लिहितो, 'अनटिल यू डोन्ट सेंड द फाइल, आय कॅनॉट स्टार्ट.' पण इंग्रजीत तो नकार अनटिल आणि अनलेस ह्या शब्दांच्या पोटातच आहे. 'अनटिल यू सेंड द फाइल' एवढंच पुरे. 'अनलेस यू डोन्ट अप्रूव्ह, वी कॅनॉट डिप्लॉय' ह्याचा शब्दश: अर्थ होतो की तुम्ही मंजुरी दिलीत तर आम्ही डिप्लॉय करू शकत नाही! रिलीजच्या रात्री असली वाक्यं लिहू नयेत.

आता तुम्ही म्हणाल, कळलं ना समोरच्याला, मग काय फरक पडतो? गप्पा मारताना खरंच काही फरक पडत नाही. कॅन्टीनमध्ये दुसऱ्याचं इंग्रजी सुधारणाऱ्या माणसाइतका कंटाळवाणा प्राणी जगात नसेल. पण आपलं पोट ज्या लिखाणावर चालतं, त्यात दोन ठिकाणी फरक पडतो आणि चांगलाच पडतो.

पहिलं ठिकाण म्हणजे शब्द देणं. आपल्याकडे वुड हा विलचा सभ्य थोरला भाऊ आहे अशी एक समजूत आहे. 'वी वुड बी सेंडिंग द रिपोर्ट टुमॉरो.' आपल्या कानाला हे नम्र आणि ऑफिशियल वाटतं. परदेशातल्या वाचणाऱ्याला मात्र ह्यात एक 'इफ' ऐकू येतो. पाठवला असता, पण...? पण काय? एका टीममधलं मी बघितलेलं उदाहरण सांगतो. लातूरकडचा मुलगा, मराठी माध्यमातला, कामात अत्यंत चोख. त्याने मेल लिहिला की 'इफ वी वुड गेट द डेटा बाय ट्यूजडे, वी वुड बी कम्प्लिटिंग द टेस्टिंग बाय फ्रायडे.' त्याला म्हणायचं होतं, मंगळवारी डेटा द्या, शुक्रवारी टेस्टिंग पूर्ण, हा शब्द. पलीकडच्या मॅनेजरने वाचलं ते असं, की ह्यांना डेटा मिळेल असं वाटत नाही आणि शुक्रवारचीही खात्री नाही. तिने वरच्यांना कळवलं की टीम तारीख द्यायला टाळाटाळ करतेय. मग कॉल, मग स्पष्टीकरणं, मग "कम्युनिकेशन स्किल्स"वर एक भाषण. पोराने काम वेळेत केलं. पण वर्षअखेरीच्या कागदावर त्याच्या नावापुढे 'ओनरशिपची कमतरता' असा शेरा आला. 'इफ वी गेट द डेटा बाय ट्यूजडे, वी विल कम्प्लीट द टेस्टिंग बाय फ्रायडे.' एवढ्या फरकात तो शेरा टळला असता. (संकेतार्थ. दोन पावलं मागे.)

दुसरं ठिकाण म्हणजे झालेल्या चुकीचा शोध. आपण ज्याला रूट कॉज अॅनालिसिस म्हणतो ते सगळंच्या सगळं "झालं असतं तर" ह्या वाक्यावर उभं असतं. एरियन ५ रॉकेटची गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कॉलेजात ऐकली असेल. ४ जून १९९६ ला त्याचं पहिलंच उड्डाण होतं, आणि साधारण ४० सेकंदांत ते आकाशात फुटलं. दिशादर्शक यंत्रणेतलं सॉफ्टवेअर आधीच्या एरियन ४ वरून उचललेलं होतं. त्यात ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट आकड्याचा १६ बिटांचा पूर्णांक करायची एक पायरी होती. १६ बिटांत जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. एरियन ४ च्या मार्गावर तो आकडा तेवढा मोठा कधी झाला नव्हता. एरियन ५ जास्त वेगाने निघालं, आकडा मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर, तीही त्याच कारणाने बंद. आणखी वाईट म्हणजे एरियन ५ ला उड्डाणानंतर त्या गणिताची गरजच नव्हती.

ह्या एका घटनेवर लिहायला बसलं तर तिन्ही तऱ्हेची वाक्यं लागतात. 'इफ द व्हॅल्यू एक्सीड्स द लिमिट, द कन्व्हर्जन फेल्स' हा नियम. 'इफ द कन्व्हर्जन हॅड बीन प्रोटेक्टेड, द सिस्टिम वुड नॉट हॅव शट डाउन' हे निदान. 'इफ वी रीयूज ओल्ड कोड, वी विल टेस्ट इट अगेन्स्ट द न्यू फ्लाइट पाथ' ही पुढची काळजी. वाचणाऱ्याला ह्यातलं कुठलं घडून गेलंय, कुठलं नेहमी घडतं आणि कुठलं अजून आपल्या हातात आहे, हे फक्त क्रियापदाच्या रूपावरून कळतं. 'इफ द कोड वुड बी टेस्टेड' असं लिहिलं की कोड टेस्ट झाला होता का, होणार आहे का, की नुसतं होईल तर बरं असं म्हणणं आहे, हे काहीच कळत नाही. आणि अशा धुक्यात खापर नेहमी सगळ्यात ज्युनिअर माणसाच्या डोक्यावर फुटतं, हेही आपण बघतोच.

"हल्ली काय, एआयला सांगितलं की तो इंग्रजी नीट करून देतो" असं कोणी म्हणेल. देतो की, मीही वापरतो. पण 'इफ वी वुड गेट द डेटा' हे त्याच्यासमोर टाकलंत तर त्याने त्याचं 'गेट' करायचं की 'गॉट'? व्याकरणाने दोन्ही बरोबर. एकात डेटा मिळण्याची वाट बघताय, दुसऱ्यात आशा सोडलीय. ही माहिती तुमच्या डोक्यात आहे, वाक्यात नाही. त्याने अंदाजाने एक निवडलं तर मेल झुळझुळीत होईल आणि अर्थ उलटा जाईल. तेव्हा निवड कशाची होतेय ते कळण्याइतकं तरी आपल्याला यायला हवं.

ता.क. म्हणून एक सांगतो, कारण हा वाद हमखास होतो. 'इफ आय वेअर यू' की 'इफ आय वॉज यू'? लिहिताना वेअर. बोलताना वॉज म्हणणारे इंग्रज भरपूर आहेत. पण वेअर शिकल्यावर काही जण ते सगळीकडेच लावतात, ते मात्र करू नका. 'इफ आय वॉज रूड यस्टरडे, आय अॅम सॉरी' ह्यात वॉजच हवा. मी काल उद्धट वागलो असेन ही शक्यता खरी आहे, कल्पना नाही. तिथे वेअर घातलंत तर माफी मागता मागता "मी काही उद्धट वागलो नव्हतो" असा सूर लागतो.

माझी तक्रार शेवटी शिकवणाऱ्यांशी आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला आपण "मराठीत विचार करणं सोड" असं सांगतो. ह्या बाबतीत तरी हा सल्ला साफ चुकीचा आहे. त्याला "आलो, आलो" आणि "जरा काम होतं" दाखवा. मग आजची गाडी आणि कालची गाडी ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहून दाखवा, आणि सांगा की मराठी जिथे एक रूप वापरते तिथे इंग्रजी दोन वापरतं, बस्स. अर्ध्या तासाचं काम आहे. इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनाही विनंती: 'इफ आय वुड बी द लीड' असं कोणी म्हणालं तर हसू दाबण्याऐवजी तो पुढे काय म्हणतोय ते ऐका. वाक्य दुरुस्त करायला नंतर अर्धा तास लागेल. डोकं दुरुस्त करायला अर्धा तास पुरत नाही. :-)

आणि ज्यांना सोमवारी मेल लिहायचे आहेत त्यांच्यासाठी एवढंच: 'इफ' टाइप केल्यावर क्षणभर थांबा आणि स्वत:ला विचारा. हे अजून घडू शकतं? साधा वर्तमानकाळ आणि विल. आत्ता तसं नाहीये, नुसती कल्पना आहे? साधा भूतकाळ आणि वुड. वेळ निघून गेली? हॅड आणि वुड हॅव. नंबर लक्षात नाही राहिले तरी चालतील.